दर पावसाळ्यात आऊटपुट व्हॉल्व्ह लाल होतो : जुन्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरचे कपलिंग कपॅसिटर तपासणे आणि नवे निवडणे

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत माझ्याकडे येणाऱ्या जुन्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरांची एक तक्रार ठरलेली असते. सुरू केल्यावर आवाज उत्तम येतो, अर्ध्या-पाऊण तासाने तो फाटू लागतो, मागच्या बाजूने पाहिले तर एका आऊटपुट व्हॉल्व्हची (स्पीकरला शक्ती देणाऱ्या शेवटच्या काचेच्या नळीची) प्लेट, म्हणजे आतला धातूचा पत्रा, मंद लाल झालेली दिसते, नवा व्हॉल्व्ह बसवला की हिवाळा-उन्हाळा नीट जातो आणि पुढच्या पावसाळ्यात सगळे पहिल्यापासून सुरू होते. या तक्रारीत व्हॉल्व्हचा दोष फार क्वचित असतो. दोष असतो त्याच्या ग्रिडला (करंटवर ताबा ठेवणाऱ्या आतल्या जाळीला) आवाज पोहोचवणाऱ्या एका लहानशा कपॅसिटरचा, ज्याला जुने कारागीर अजूनही कंडेन्सर म्हणतात.

गेल्या जुलैत पुण्यातल्या नारायण पेठेतल्या एका वाड्यातून असाच एक अँप्लिफायर आला. घरातल्या आजोबांनी तो १९६० च्या दशकात स्वतःच्या हाताने बांधला होता. मुलार्ड कंपनीने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेला, पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट म्हणून 'फाइव्ह-टेन' या नावाने ओळखला जाणारा आराखडा त्यांनी समोर ठेवला होता : आरंभी ईएफ८६ हा व्हॉल्व्ह, त्यानंतर सिग्नलचे दोन उलट भाग करणारा ईसीसी८३, शेवटी पुश-पुल जोडीत, म्हणजे एकमेकांच्या उलट दिशेने काम करणारे, दोन ईएल८४ आणि वीजपुरवठ्यासाठी एसीचे डीसी करणारा एक रेक्टिफायर व्हॉल्व्ह. वायरिंग इतके नीटनेटके होते की चासी (सगळे भाग बसवलेला धातूचा सांगाडा) उलटी केल्यावर मी काही वेळ ते नुसते पाहत राहिलो. अँप्लिफायर घेऊन आलेले नातू म्हणाले, "दादा, तीन वर्षांत चार ईएल८४ घातले. आता व्हॉल्व्ह मिळणेही अवघड झाले आहे. यात अजून काही करण्यासारखे आहे का?" प्रत्येक वेळी व्हॉल्व्ह बदलून अँप्लिफायर परत दिला गेला होता, कपॅसिटर मात्र साठ वर्षांपूर्वीचेच होते.

आधी हा कपॅसिटर नेमके काय करतो ते पाहू. मागच्या टप्प्यातल्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर दोनशे ते अडीचशे व्होल्ट डीसी असतात आणि त्यांच्यावर स्वार होऊन आवाजाचा सिग्नल येतो. पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला फक्त सिग्नल हवा असतो, डीसी अजिबात नको असते. कपलिंग कपॅसिटर सिग्नल पुढे सोडतो आणि डीसी अडवतो. तो कागदी असेल आणि त्याच्या कागदात ओल शिरली असेल, तर तो डीसीही थोडे थोडे पुढे सोडू लागतो. यालाच कारागीर 'कंडेन्सर लीक आहे' असे म्हणतात.

ही गळती ऐकायला नगण्य वाटते, पण आकडे मांडले की तिचे गांभीर्य कळते. समजा मागच्या प्लेटवर २५० व्होल्ट आहेत, ग्रिडचा रेझिस्टर ४७० किलोओहमचा आहे आणि कपॅसिटरची इन्सुलेशन (डीसी अडवणारा रोध) घसरून १०० मेगाओहमवर आली आहे. ग्रिडवर सुमारे १.२ धन व्होल्ट उमटतात. इन्सुलेशन १० मेगाओहम झाली तर हाच आकडा ११ व्होल्टांच्या पुढे जातो. एकट्याने चालणाऱ्या ईएल८४ ला २५० व्होल्टांवर साधारण ७.३ व्होल्टांचा ऋण बायस, म्हणजे करंट आवरणारे ग्रिडवरचे ऋण व्होल्ट, लागतो आणि तेव्हा त्याच्या प्लेटमधून ४८ मिलिअँपिअर वाहतात, म्हणजे प्लेटवर १२ वॅट खर्च होतात. या व्हॉल्व्हची कमाल मर्यादाच १२ वॅट आहे. मूळ आराखड्यानेच मर्यादेच्या काठावर उभ्या केलेल्या व्हॉल्व्हला ग्रिडवरचा एखादा धन व्होल्टही जड जातो.

वाड्यातल्या अँप्लिफायरमध्ये दोन्ही ईएल८४ ना २७० ओहमचा स्वतंत्र कॅथोड रेझिस्टर होता (कॅथोड म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा भाग), त्यामुळे निदान सोपे झाले. थंड अवस्थेतून सुरू केल्यावर पाच मिनिटांनी एका बाजूच्या कॅथोडवर १०.८ व्होल्ट होते आणि दुसरीकडे ११.४. चाळीस मिनिटांनी पहिली बाजू जागची हलली नव्हती, दुसरी मात्र १५.१ व्होल्टांवर पोहोचली होती. १५.१ ला २७० ने भागले की जवळजवळ ५६ मिलिअँपिअर येतात. त्यातला स्क्रीनचा, म्हणजे दुसऱ्या जाळीचा, वाटा वजा केला तरी प्लेटमधून ५० मिलिअँपिअर वाहत होते आणि प्लेट-कॅथोडमधल्या ३०० व्होल्टांवर हे १५ वॅट होतात. दिवा मालवून पाहिले तेव्हा त्या प्लेटच्या शिवणीलगत करंगळीच्या नखाएवढा लालसर डाग दिसत होता. मी दोन्ही ईएल८४ ची जागा अदलाबदल केली. लाली व्हॉल्व्हबरोबर गेली नाही, ती त्याच सॉकेटवर राहिली, आणि तिथेच व्हॉल्व्ह निर्दोष ठरला.

या व्हॉल्व्हमध्ये ग्रिड २ क्रमांकाच्या पिनवर आणि कॅथोड ३ क्रमांकाच्या पिनवर येतो. कॅथोड रेझिस्टरवर बायस मिळणाऱ्या अँप्लिफायरमध्ये पिन २ आणि चासी यांच्यात शून्य व्होल्ट दिसायला हवेत. आजच्या बहुतेक डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध १० मेगाओहम असतो, त्यामुळे ग्रिडला फारसा भार न देता ही मोजणी करता येते. लाल होणाऱ्या बाजूला सुरुवातीला ०.८ व्होल्ट होते आणि चाळीस मिनिटांनी ६ व्होल्ट.

ग्रिडवर धन व्होल्ट दिसले की लगेच कपॅसिटरला दोष देऊ नये, कारण आत वायू शिरलेल्या किंवा ग्रिड तापलेल्या व्हॉल्व्हमुळेही तेच दिसते. व्हॉल्व्ह सॉकेटमधून काढून पुन्हा मोजावे. व्होल्ट टिकून राहिले तर ते बाहेरून येत आहेत, नाहीसे झाले तर व्हॉल्व्ह संशयित आहे. मात्र ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी रेडिओमध्ये सगळ्या व्हॉल्व्हचे हीटर एकामागोमाग एक जोडलेले असतात, तिथे एक व्हॉल्व्ह काढला की सगळेच थंड पडतात आणि ही चाचणी निरर्थक होते. शिवाय अशा रेडिओची चासी थेट मेन्सला जोडलेली असू शकते. मेन्सपासून वेगळे ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर त्यांना उघड्यावर हात लावू नये, हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी सांगतो.

माझा सर्वांत जास्त विश्वास पुढच्या चाचणीवर आहे. अँप्लिफायर बंद करून मुख्य इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर रेझिस्टरमधून पूर्ण रिकामे करावेत आणि व्होल्ट शून्यावर आल्याची मीटरने खात्री करावी. मग कपलिंग कपॅसिटरचे ग्रिडकडचे टोक सोडवावे, त्या मोकळ्या टोकाला मीटरची लाल क्लिप आणि चासीला काळी क्लिप लावून हात बाहेर काढावा आणि मगच वीज द्यावी. ग्रिड आपल्या रेझिस्टरमधून चासीला जोडलेलाच राहतो, त्यामुळे व्हॉल्व्हला धोका नसतो. व्हॉल्व्ह तापत असताना आकडा वर-खाली होतो. तो स्थिरावला की वाचावा. मीटरचा रोध १० मेगाओहम असल्यामुळे मीटरवरचा प्रत्येक व्होल्ट म्हणजे ०.१ मायक्रोअँपिअर गळती. वाड्यातल्या त्या कपॅसिटरवर तापल्यानंतर ८० व्होल्टांच्या वर वाचन आले, म्हणजे त्याची इन्सुलेशन १७-१८ मेगाओहमपर्यंत खाली आली होती. नव्या फिल्म कपॅसिटरला हेच वाचन ०.२ व्होल्टांच्या वर आले तर मी तो वापरत नाही.

कपॅसिटर काढून नुसता मीटरवर तपासण्याचा मोह अनेकांना होतो आणि तिथेच फसगत होते. मल्टिमीटरची ओहम रेंज कपॅसिटरवर एखाद-दोन व्होल्टच लावते, त्यामुळे २३० व्होल्टांवर गळणारा कपॅसिटर तिथे निर्दोष दिसतो. साधा कपॅसिटन्स मीटर तर उलटी दिशाभूल करतो, कारण गळणाऱ्या कपॅसिटरचे मूल्य तो वाढवून दाखवतो. वाड्यातल्या त्या काळ्या, डांबराने बंद केलेल्या कपॅसिटरवर ०.०५ मायक्रोफॅरड छापलेले होते आणि मीटर ०.०८३ दाखवत होता. 'मूल्य तर वाढले आहे, म्हणजे कपॅसिटर दणकट आहे' असा अर्थ काढून तो पूर्वी जागेवर ठेवला गेला असावा. मी टोकाकडचे डांबर भिंगाखाली पाहिले तेव्हा तारेभोवती केसाएवढी गोल भेग होती. साठ पावसाळ्यांची दमट हवा तिथूनच आत गेली होती. कागद ओल धरतो आणि गरम झाला की गळती आणखी वाढते, म्हणून दोष पावसाळ्यात आणि अर्ध्या तासानंतर प्रकट होतो.

आता नव्या कपॅसिटरची निवड. माझ्या मते इथे तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत : तो किती डीसी व्होल्ट सहन करतो, त्याचे मूल्य मूळ मूल्याला किती जवळ आहे आणि तो कशाचा बनलेला आहे. कंपनीचे नाव आणि किंमत यांची पाळी त्यानंतर.

व्होल्टेजच्या बाबतीत लोक चालू अवस्थेतले व्होल्ट मोजतात आणि त्यावरून कपॅसिटर घेतात. हे अपुरे आहे. वीज दिल्यानंतर पहिले काही सेकंद ईसीसी८३ थंड असतो, तो करंट ओढत नाही, त्यामुळे त्याच्या प्लेटवर पुरवठ्याचे सगळेच्या सगळे व्होल्ट येतात. ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग ३००-०-३०० व्होल्टांची असेल तर त्याचे शिखरमूल्य ४२४ होते. आपल्याकडे मेन्स कागदोपत्री २३० व्होल्ट असली तरी माझ्या टेबलावर रात्री उशिरा मी २४६ मोजले आहेत आणि त्या हिशोबाने शिखर ४५३ व्होल्टांवर जाते. ईझेड८१ सारखा सावकाश तापणारा रेक्टिफायर असेल तर हा धक्का सौम्य होतो. पण त्याच्या जागी कोणी सिलिकॉन डायोड बसवले असतील, किंवा ५वाय३ सारखा झटकन तापणारा रेक्टिफायर असेल, तर तो पूर्ण धक्का कपॅसिटरला रोज सोसावा लागतो. आऊटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला वेगळ्या पुरवठ्यातून ऋण बायस दिलेला असेल तर तेवढे व्होल्ट आणखी मिळवावे लागतात. म्हणून आऊटपुटच्या कपलिंगसाठी मी ६३० व्होल्ट डीसीपेक्षा कमीचा कपॅसिटर घेत नाही.

बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या परिसरात आणि तपकीर गल्लीत ६३० व्होल्टांचे फिल्म कपॅसिटर सहज मिळतात आणि त्यातले साधे पॉलिएस्टरचे चहाच्या एका कपाच्या किमतीत येतात. मात्र घेताना अंगावरचा कोड स्वतः वाचावा. '२जे४७३जे' यातले '२जे' म्हणजे ६३० व्होल्ट, '४७३' म्हणजे ४७ वर तीन शून्ये इतके पिकोफॅरड, अर्थात ०.०४७ मायक्रोफॅरड, आणि शेवटचे 'जे' म्हणजे मूल्यात ५ टक्क्यांपर्यंतची कमी-जास्त. '२जी' असेल तर ४०० व्होल्ट, '२ई' असेल तर २५० आणि '२ए' असेल तर फक्त १००. काही वर्षांपूर्वी मी नुसते '४७३' सांगून हिरव्या पॉलिएस्टर कपॅसिटरांची पुडी घेतली आणि घरी येऊन त्यातला एक रेडिओत लावला. आठ दिवसांनी तो शॉर्ट झाला आणि आऊटपुट व्हॉल्व्हबरोबर आऊटपुट ट्रान्सफॉर्मरही गेला. पुडीतल्या प्रत्येक कपॅसिटरवर बारीक अक्षरांत '२ए' छापलेले होते. तो ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घेण्यासाठी जे श्रम पडले त्यांची आठवण मला दुकानाच्या काउंटरवर अजूनही भिंग काढायला लावते.

मूल्याबद्दल फार चिंता करण्याचे कारण नाही. जुने ०.०५ म्हणजे आजचे ०.०४७, ०.०२ म्हणजे ०.०२२, ०.२५ म्हणजे ०.२२. मूळ कपॅसिटरांची मूल्ये छापील आकड्यापेक्षा २० टक्के कमी-जास्त असायचीच, तेव्हा हा फरक त्यात विरून जातो. पुश-पुलच्या दोन्ही बाजूंचे कपॅसिटर मात्र एकाच वेळी बदलावेत आणि मूल्याने जुळते घ्यावेत, म्हणजे खालच्या सुरांत दोन्ही बाजू समतोल राहतात.

मूल्य वाढवले तर बास वाढेल या समजुतीने ०.०४७ च्या जागी ०.४७ लावलेले अँप्लिफायर माझ्याकडे आले आहेत. ४७० किलोओहमबरोबर ०.०४७ मायक्रोफॅरड ठेवला तर खालची सीमा, जिच्याखाली सूर क्षीण होऊ लागतात, ७ हर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे माणसाला ऐकू येणाऱ्या सर्वांत खालच्या सुराच्याही पुष्कळ खाली. त्याच्या पलीकडे मिळवण्यासारखे काही उरत नाही, गमावण्यासारखे मात्र असते. आऊटपुट ट्रान्सफॉर्मरमधून मागे फीडबॅक (सिग्नलचा थोडा भाग आरंभीच्या टप्प्याकडे परत) घेणाऱ्या अँप्लिफायरमध्ये खालच्या सीमा एकमेकींशी हिशोबाने जुळवलेल्या असतात. त्यातली एक हलवली तर अँप्लिफायर स्वतःशीच डोलू लागतो आणि स्पीकरमधून होडीच्या इंजिनासारखा फट्-फट् आवाज येतो. दुसरे असे की मोठ्या आवाजाच्या एखाद्या झटक्याने ग्रिडमध्ये करंट गेला तर कपॅसिटर भरतो आणि रिकामा होईपर्यंत व्हॉल्व्ह दबून राहतो. ०.०४७ ला जवळजवळ दोन-तृतीयांश रिकामा व्हायला २२ मिलिसेकंद लागतात, ०.४७ ला २२० मिलिसेकंद. तबल्याच्या जोरकस थापेनंतर गाण्याचा आवाज क्षणभर बसल्यासारखा वाटतो तो अनेकदा यामुळे.

मूल्य वाढवण्याला अर्थ असलेली एक जागा आहे. काही अँप्लिफायरांत ०.०१ मायक्रोफॅरड असतो आणि ४७० किलोओहमबरोबर त्याची सीमा ३४ हर्ट्झवर येते. काळी एक मध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास वाजते. तिथे असा एक टप्पा सुमारे १ डेसिबल खातो, दोन टप्पे असले तर जवळजवळ २. ०.०२२ लावल्यावर तोटा ०.२ डेसिबलवर येतो आणि आऊटपुट ट्रान्सफॉर्मर दणकट असेल तर खर्जाची गोलाई खरोखर परत येते. लहान स्पीकरच्या टेबल रेडिओत मात्र हा बदल करू नये, कारण तिथे खालचे सूर मुद्दाम छाटलेले असतात.

आता कपॅसिटर कशाचा असावा. पॉलिप्रॉपिलीनमध्ये विद्युत ऱ्हास पॉलिएस्टरच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका असतो आणि त्याची इन्सुलेशन उत्कृष्ट असते, म्हणून जागा असेल तिथे मी तोच लावतो. पण तो आकाराने मोठा असतो आणि उष्णता कमी सोसतो, त्यामुळे ८५ अंशांच्या वर त्याला पूर्ण व्होल्ट देऊ नयेत. गच्च भरलेल्या रेडिओत तापलेल्या वायरवाउंड रेझिस्टरला खेटून कपॅसिटर बसणार असेल, तर तिथे पॉलिएस्टर अधिक भरवशाचा. अधिक मूल्याचे सिरॅमिक कपॅसिटर कपलिंगसाठी घेऊ नयेत. व्होल्ट वाढले की त्यांचे मूल्य घटते आणि चासीवर टिचकी मारली तर ती स्पीकरमध्ये ऐकू येते. तेलात भिजवलेल्या कागदाचे, धातूच्या नळीत बंद केलेले सोव्हिएत काळातले के४०वाय-९ कपॅसिटर अनेकांच्या आवडीचे आहेत आणि ते बांधणीने उत्तमही आहेत. पण तेही आता दशकांपूर्वीचे आहेत, तेव्हा वर सांगितलेली गळतीची चाचणी प्रत्येकाला करावी. जुन्या बाजारात कधी कधी न वापरलेले, मूळ पाकिटातले कागदी कपॅसिटर मिळतात. ते प्रदर्शनात शोभतात, वापरायला घेऊ नयेत, कारण कागद खोक्यात पडून राहिला तरी ओल धरतोच.

जुने आहे म्हणून सगळेच काढून टाकणे मात्र मला पटत नाही. मायका आणि पॉलिस्टायरीनचे कपॅसिटर बहुधा निर्दोष असतात. मुलार्डचे मोहरीच्या रंगाचे पॉलिएस्टर कपॅसिटरही आजवर मला बहुतेक वेळा शाबूत आढळले आहेत. त्यांचे एक टोक सोडवून चाचणी करावी आणि उत्तीर्ण झाले तर जागेवर राहू द्यावेत. व्हॉल्यूम कंट्रोल फिरवताना खरखर येत असेल आणि स्वच्छ करूनही जात नसेल, तर त्याच्या आधीचा कपॅसिटर तपासावा, कारण कंट्रोलवर आलेले थोडे डीसीही तशीच खरखर निर्माण करते. रेडिओच्या आऊटपुट व्हॉल्व्हच्या प्लेटवर टोनसाठी लावलेला ०.००५ सारखा कपॅसिटर कपलिंगचा नसला तरी त्याच वेळी बदलावा. ट्रान्सफॉर्मरच्या उसळीमुळे त्याच्यावर पुरवठ्याच्या कितीतरी पट व्होल्ट येतात, म्हणून तो किमान १००० व्होल्टांचा आणि शक्यतो १६०० चा असावा.

महागड्या कपॅसिटरने आवाज खुलतो का, हे मला वारंवार विचारले जाते. एकाच मूल्याचे आणि गळती नसलेले साधे पॉलिप्रॉपिलीन व त्याच्या कैकपट किमतीचे कपॅसिटर मी एकाच अँप्लिफायरमध्ये स्विचने बदलून, ओळखीच्या ख्यालगायनाच्या ध्वनिमुद्रणांवर ऐकले आहेत आणि मला त्यांच्यात खात्रीने फरक सांगता आलेला नाही. गळणारा कपॅसिटर काढल्यावर पडणारा फरक मात्र घरातल्या कोणालाही कळतो. पैसे खर्च करायचेच असतील तर ते चांगल्या जोडीच्या ईएल८४ वर करावेत.

अवाढव्य कपॅसिटर बसवल्याने एक नवी अडचणही निर्माण होते. ग्रिडची जागा उच्च रोधाची असते आणि तिथला मोठा कपॅसिटर अँटेनासारखा वागून मेन्सची घुमघुम पकडतो. फॉइल गुंडाळून केलेल्या कपॅसिटरचे एक टोक बाहेरच्या वेढ्याला जोडलेले असते. ते टोक मागच्या व्हॉल्व्हच्या प्लेटकडे ठेवावे, म्हणजे बाहेरचा वेढा आतल्यासाठी आडोसा बनतो. जुन्या कपॅसिटरवरचा काळा पट्टा हे बाहेरचे टोक दाखवतो. ते ऋण टोक नव्हे, हे ध्यानात ठेवावे. आजच्या कपॅसिटरवर बहुधा अशी खूण नसते. ऑसिलोस्कोप असेल तर कपॅसिटर बोटांत धरून दोन्ही दिशांनी जोडून पाहावा. ज्या दिशेने घुमघुम कमी दिसते, त्या वेळी स्कोपच्या अर्थ क्लिपला लागलेले टोक बाहेरचे असते.

वाड्यातल्या अँप्लिफायरमध्ये मी ०.०४७ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टांचे दोन पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर जुळवून लावले. तारांवर स्लीव्ह चढवले आणि ईएल८४ च्या उष्णतेपासून दूर, चासीच्या कडेला त्यांना वळवले. पहिल्यांदा वीज देताना १०० वॅटचा बल्ब असलेल्या, करंट मर्यादित ठेवणाऱ्या सिरीज बोर्डातून दिली. एका ग्रिडवर शून्य दिसले, पण लाल होणाऱ्या बाजूच्या ग्रिडवर अजूनही ०.४ व्होल्ट होते. व्हॉल्व्ह काढला तरी ते तिथेच होते. नव्या कपॅसिटरचे टोक सोडवले तरीही ०.४ व्होल्ट हलेनात.

उत्तर टॅगबोर्डमध्ये, म्हणजे भाग सोल्डर करण्याच्या टॅगांच्या पट्टीत, होते. ग्रिडचा टॅग आणि ३०० व्होल्टांचा टॅग अगदी शेजारी होते आणि त्यांच्यामध्ये सोल्डरिंगच्या जुन्या राळेचा तपकिरी थर होता, ज्यावर पुण्यातल्या जुन्या घरांत असते तशी धूळ चिकटलेली होती. पावसाळी हवेत तो थर ओलसर होऊन साडेतीनशे मेगाओहमच्या रेझिस्टरसारखा वागत होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने तो थर तीनदा धुतला, बोर्डाला रात्रभर टेबल लॅम्पच्या उबेत ठेवले आणि तरीही ०.१ व्होल्ट उरले, कारण ओल बोर्डाच्या कापलेल्या कडेतून आत मुरली होती. शेवटी ग्रिडचा सांधा बोर्डावरून पूर्ण उचलला आणि कपॅसिटर व रेझिस्टर थेट सॉकेटच्या २ क्रमांकाच्या पिनवर, हवेत सोल्डर केले. आजोबांच्या मांडणीला हात लावणे मनाला रुचले नाही, पण तो टॅग मी जागेवरच ठेवला आहे आणि कोणाला बोर्ड बदलून मूळ वायरिंग परत करायचे असेल तर तसे करता येईल.

त्यानंतर बाहेर झड लागलेली असताना अँप्लिफायर सलग चार तास चालवला. दोन्ही ग्रिडवर ०.०२ व्होल्टांपेक्षा कमी वाचन आले, कॅथोडवर एका बाजूला १०.७ आणि दुसऱ्या बाजूला १०.९ व्होल्ट होते, आणि खोलीतला दिवा मालवल्यावर फक्त फिलामेंटचा केशरी उजेड दिसत होता. ही वाचने तारखेसह एका कागदावर लिहून तो कागद मी लाकडी पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवला, आणि पुढच्या जुलैत कॅथोडचे हे दोन आकडे पुन्हा मोजून त्याच कागदावर खाली लिहावेत असे नातवंडांना सांगितले.